आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी

नगरपरिषदेची नवी गाडी गावात येते तेव्हा तिच्या स्वागताला आमदार असतात, नगराध्यक्ष असतात, सभापती असतात आणि ज्यांना यांपैकी काहीतरी व्हायचं आहे तेही असतात. चाकाखाली लिंबं ठेवली जातात, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, नारळ फुटतो. मग सगळे मान्यवर त्या घंटागाडीसमोर अशा ऐटीत उभे राहतात, की नवख्या माणसाला वाटावं ही मंडळी आता हिच्यातच बसून घरी जाणार. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत सतरा माणसं, आणि सतराव्या माणसाच्या खांद्याआडून डोकावणारा गाडीचा एक आरसा.

हीच गाडी म्हातारी होऊन जायची वेळ येते तेव्हा कुणीच येत नाही. खरं म्हणजे ती जातच नाही. "उद्या गॅरेजले नेऊ" म्हणून एका संध्याकाळी तिला आवाराच्या मागच्या बाजूला उभी करतात, आणि तो उद्या उगवायच्या आत तिच्या टपावर पिंपळ उगवतो. सरकारला वस्तू घेता येते, ठेवता येते, हरवताही येते. फक्त रीतसर टाकून देणं तेवढं जमत नाही.

आमच्या दिग्रसच्या नगरपरिषदेबद्दल मी इथं चकार शब्द काढणार नाही. मला याच गावात राहायचं आहे. नळाला पाणी हवं आहे, आणि जन्म-मृत्यूच्या दाखल्यांपैकी एक दाखला अजून माझ्या नावानं निघायचा बाकी आहे. शिवाय त्याची गरजही नाही. दिग्रसच्या स्टँडवरून कुठलीही एसटी धरा. दारव्ह्याकडे जा, आर्णीकडे जा, पुसदवरून पुढं उमरखेडपर्यंत जा, किंवा कंटाळा येईस्तोवर महाराष्ट्रभर हिंडा. तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणं, काहीही बघा: समोर अशोकाची झाडं आणि मागं भंगार. म्हणून पुढं ज्या नगरपरिषदेचं वर्णन येणार आहे, तिचं गाव नकाशावर नाही. कुणाला ती ओळखीची वाटलीच, तर त्यानं तक्रार करू नये. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा.

या आवारात शिरलं की पहिला भेटतो तो रोड रोलर. गावातले सगळे रस्ते दाबून झाल्यावर आता तो स्वतःखालची जमीन दाबत उभा आहे. पुढचं चाक वीतभर आत गेलंय. शेजारी पाण्याचा टँकर. त्याला इतकी भोकं आहेत, की पाणीपुरवठ्यात नापास झाला तरी तुषार सिंचनात तो सहज पास होईल. मग एक ट्रॉली, जिच्यात तिच्याच ट्रॅक्टरची चाकं काढून ठेवली आहेत. पलीकडे डासांसाठी धूर सोडणारं यंत्र. त्याच्या टाकीत पावसाचं पाणी साचलंय आणि त्या पाण्यात डासांची पुढची पिढी सुखानं वाढतेय. एका कोपऱ्यात वैकुंठरथ. गावातल्या कितीतरी लोकांना यानं शेवटच्या मुक्कामाला पोचवलं. त्याला स्वतःला मात्र मोक्ष नाही, कारण आरटीओचा दाखला आलेला नाही.

भांडाराच्या खोलीत डोकावलं तर आणखी मजा. एलईडी आले म्हणून उतरवलेले सोडियमचे पिवळे दिवे, पाठीला कुबड असलेले संगणकाचे जुने पडदे, तीन पायांच्या खुर्च्या, आणि चौथे पाय वेगळे बांधून ठेवलेले. त्यातच एक निर्जंतुकीकरणाचा बोगदा. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिलच्या सुरुवातीला, असे बोगदे गावोगावी उभे राहिले; माणसानं एका बाजूनं आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पवित्र होऊन निघायचं. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की माणसांवर जंतुनाशक फवारू नका, त्याचा उपयोग नाही, अपाय मात्र होईल. इतकं अल्पायुषी सरकारी यंत्र दुसरं नसेल. बिल मंजूर व्हायच्या आतच ते भंगार झालं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढं सामान साठतंच कसं? तर त्याचं मूळ निष्काळजीपणात कमी आणि पैशाच्या वाटेत जास्त आहे. नव्या गाडीला पैसा वरून येतो: वित्त आयोग आहे, स्वच्छ भारत आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, नगरोत्थान आहे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीला मात्र नगरपरिषदेनं आपल्याच खिशात हात घालायचा, आणि त्या खिशात आधीच पगार, वीजबिल आणि पेन्शन हात घालून बसलेले असतात. मग असा संवाद घडतो.

"साहेब, घंटागाडीची ब्याटरी बसली."

"किती लागतीन?"

"सात-आठ हजार."

"ब्याटरीले पैसे नाईत."

"मंग काय करू?"

"नव्या गाडीचा प्रस्ताव टाक. गाडीले पैसे हायेत."

आणि हे अगदी खरं असतं. ३१ मार्च जवळ आलेला असतो, अनुदान परत जायची भीती असते आणि अनुदान परत जाणं ही आपल्याकडे प्रशासनाची सर्वांत मोठी नामुष्की मानली जाते. तेव्हा सात हजारांच्या बॅटरीपायी सात लाखांची गाडी येते. जुनी मागच्या आवारात जाते. नव्या गाडीला टायर लागतो, तेव्हा तो जुनीचा काढतात. मग आरसा, मग हॉर्न, मग स्टेपनी. वर्षभरात जुन्या गाडीचं नोंदणीपुस्तक आणि सांगाडा एवढंच उरतं. आणि कागदोपत्री पाहिलं तर नगरपरिषदेकडे दोन धडधाकट गाड्या आहेत.

या कागदाचं नाव जडवस्तू संग्रह नोंदवही. ग्रामपंचायतीत जा, तिथं हिशेबाचे १ ते ३३ नमुने असतात. त्यातला नमुना १५ उपभोग्य वस्तूंचा आणि नमुना १६ जडवस्तूंचा. झाडू, खडू, फिनाईल हे पंधराव्यात येतात, वापरले जातात आणि सद्गतीला जातात. खुर्ची, कपाट, पंखा सोळाव्यात जातात आणि अमर होतात. खुर्चीचा पाय मोडो, पाठ मोडो, वाळवी लागो. नोंदवहीत ती खुर्चीच. तिला चितेवर ठेवायचा अधिकार ग्रामसेवकाला नाही. म्हणून गावातल्या गुरुजींनी, तलाठ्यांनी, कंपाउंडरांनी मोडकं सामान जिवापाड जपलेलं असतं. बदली झाल्यावर पुढच्याला चार्ज द्यायचा असतो, आणि चार्ज देताना "खुर्च्या चाळीस" म्हणजे चाळीसच मोजून द्याव्या लागतात. त्यातल्या अकराच बसण्याजोग्या आहेत हा तपशील नोंदवहीत मावत नाही, कारण तिथं नगांचा रकाना आहे, अवस्थेचा नाही.

दरवर्षी या नोंदवहीची प्रत्यक्ष पडताळणी व्हावी असा नियम आहे आणि ती होतेही. भांडारपाल नोंदवही घेऊन खोलीच्या दारात उभा राहतो. आत जायला जागा नसते.

तो दारातून विचारतो, "पंखे किती?"

आतून आवाज येतो, "नव."

"वहीत बारा हायेत."

"मंग बारा."

पडताळणी संपते. खाली सही, शिक्का आणि 'बरोबर आढळून आले'.

आता समजा एखाद्या नव्या, उत्साही मुख्याधिकाऱ्याच्या मनात आलं की हे सगळं एकदाचं काढून टाकू. उत्साही मुख्याधिकारी दर दोन-तीन वर्षांनी येतात आणि त्यांची पहिली नजर मागच्या आवारावरच जाते. ते म्हणतात, "हे काय आहे?" भांडारपाल अदबीनं म्हणतो, "साहेब, निर्लेखनात आहे." हे 'आहे' फार मोठं असतं. त्यात आधीच्या चार साहेबांचा उत्साह पुरलेला असतो.

निर्लेखन म्हणजे ही वस्तू आता आमच्या हिशेबातून उतरली असं सरकारनं मान्य करणं. त्यासाठी आधी संबंधित विभागानं लिहून द्यायचं, की वस्तू निरुपयोगी आहे. कुणी लिहायचं? ज्यानं वापरली त्यानं. तो म्हणतो, मी लिहिलं तर उद्या मलाच विचारतील, निरुपयोगी कशी झाली? मग तांत्रिक दाखला: दुरुस्ती परवडणार नाही, असं तांत्रिक माणसानं सांगायचं. वाहन असेल तर मोटार वाहन निरीक्षकाकडून मूल्यांकन. गाडी यवतमाळला नेऊन दाखवावी तर ती चालली पाहिजे. आणि चालली तर ती भंगार कशी? म्हणून निरीक्षकानंच यायचं. त्यांच्या कार्यालयात एमएच २९ च्या सबंध जिल्ह्याची गर्दी, ते येतील तेव्हा येतील. ते येतात तेव्हा गाडीचा चासी नंबर सापडत नाही, कारण तो जिथं कोरला आहे तिथं आता मुंग्यांचं वारूळ आहे. मग समिती, मग टिपणी, मग सर्वसाधारण सभेपुढं विषय. विषयपत्रिकेवर तो नेहमी शेवटून दुसरा असतो. सभा पहिल्या तीन विषयांवरच तापते आणि 'उर्वरित विषय पुढील सभेत' होतात.

मधली काही वर्षं नगरपरिषदांवर प्रशासक होते. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. त्याआधी प्रशासकाच्या काळात सूचक तोच, अनुमोदक तोच, सभाही तोच. प्रस्ताव मांडायला, त्यावर विचार करायला आणि एकमतानं मंजूर करायला एकच माणूस. तरी भंगार हललं नाही. तेव्हा अडचण लोकशाहीत नसून आणखी खोल कुठंतरी आहे, हे सिद्ध झालं.

ती अडचण म्हणजे भीती. माझं अनेक वर्षांचं निरीक्षण असं, की वस्तू गंजली म्हणून कुणाची खुर्ची गेल्याचं ऐकिवात नाही. वस्तू विकली म्हणून मात्र पुष्कळांची झोप गेली. टिप्पर आवारात सडत होता तोवर गावात कुणाला त्याचं काही नव्हतं. तो ऐंशी हजारांना गेला म्हटल्याबरोबर चहाच्या टपरीवर तज्ज्ञ जमतात. "ऐंशी? अरे बाप्पा, नुसत्या इंजिनाचे लाख आले असते." ज्या इंजिनाबद्दल हे चाललंय ते टिप्परात नसतंच, पण हे बोलायची सोय नाही, कारण मग ते कुठं गेलं हा प्रश्न येतो. दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज पडतो. तिसऱ्या दिवशी कळतं, की घेणारा कबाडी हा कुणाच्या तरी साडूच्या ओळखीचा आहे. आणि आमच्याकडे प्रत्येकजण कुणाच्या तरी साडूच्या ओळखीचा असतोच.

न विकल्याबद्दलही आक्षेप येतो, नाही असं नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेची मंडळी येतात, निकामी सामान पडून असल्याचा परिच्छेद लिहितात. पण त्याचं उत्तर ठरलेलं आहे: 'निर्लेखनाची कार्यवाही सुरू आहे.' या वाक्याला गंज चढत नाही. दरवर्षी तेच वाक्य तेवढ्याच तजेल्यानं जातं. विकल्यावरच्या आक्षेपाला असं बारमाही उत्तर नाही. तिथं आकडे द्यावे लागतात. शहाणा अधिकारी दोन्ही आक्षेप तोलतो आणि गंजाच्या बाजूनं कौल देतो. गंज सर्वांत प्रामाणिक कर्मचारी आहे. रोज थोडं थोडं निर्लेखन करतो, समिती मागत नाही आणि भत्ताही मागत नाही.

तरीही कधीतरी योग जुळून येतो आणि पेपरात सूचना झळकते. हर्रास! आमच्या वऱ्हाडात लिलावापेक्षा हर्राशीला जास्त गर्दी होते. सूचनेतला मजकूर पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: सामान आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी विकणे आहे, अनामत रक्कम आधी भरावी, पाव रक्कम जागेवर, उरलेली मुदतीत, जीएसटी वेगळा, सामान स्वखर्चानं उचलावं, आणि शेवटी, कोणतंही कारण न देता हर्रास रद्द करण्याचा अधिकार मुख्याधिकारी यांनी राखून ठेवला आहे. सगळ्या अटींत या एका अटीची अंमलबजावणी सर्वांत चोख होते. कधी कधी सामानाची किंमत आणि सूचनेच्या जाहिरातीचं बिल यांत चुरस लागते आणि जाहिरात जिंकते.

हर्राशीच्या दिवशी आवारात मंडप नसला तरी वातावरण असतं. ज्यांना काही घ्यायचं नाही ते सकाळपासून येऊन बसतात. ज्यांना घ्यायचं आहे ते उशिरा येतात आणि काही नको असल्यासारखा चेहरा करून येतात. तीन गावांचे तीन कबाडी पारावर चहा पीत असतात. ते एकमेकांचे कट्टर स्पर्धक आहेत असं कागद सांगतो. चहाचे पैसे कोण देतो यावरून रोलर कुणाला जाणार हे जाणकार ओळखतात.

"भाऊ, रोलर पाहून घेतला का?"

"पाह्यला. तो न्याचा म्हनजे मलेच पैसे देल्ले पाह्यजेत. गॅस कटर लावा, चार मानसं लावा, क्रेन लावा. फुकट देल्ला तरी महाग पडते."

"मंग बोली कायले लावता?"

"बरं दिसत नाई ना! साहेब उन्हात उभे हायेत."

सरकारी किंमत पुकारली जाते. शांतता. लिपिक ती पुन्हा पुकारतो, या वेळी विनवणीच्या सुरात. कुणीतरी शंभर रुपये वाढवतो. दुसरा पन्नास. साहेबांच्या कपाळावर घाम. बोलीदार तीनपेक्षा कमी भरले तर मुदतवाढ, सरकारी किमतीला बोली पोचली नाही तर फेरहर्रास. फेरहर्राशीला सामान आणखी एका पावसाळ्यानं हलकं झालेलं असतं, किंमत मात्र मागचीच. कारण कमी करायची तर पुन्हा समिती.

आणि हे सगळं अशा मुलखात, जिथं हर्रास म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी उभी राहते, व्यापारी मूठभर कापूस काढतो, धागा ओढून पाहतो, चार आवाज होतात, आणि एका घरादाराच्या वर्षभराच्या राबण्याचा भाव मिनिटभरात ठरून जातो. तिथं समिती नाही, फेरहर्रास नाही, कारण न देता रद्द करण्याचा अधिकार तर शेतकऱ्याला देवानंही दिलेला नाही. ज्याचं पांढरं सोनं आहे त्याला मिनिट, आणि ज्याचं तांबडं लोखंड आहे त्याला अनंतकाळ!

जी वस्तू मात्र एकदाची हर्राशीतून सुटते, ती पुन्हा माणसात येते. जुना टँकर एखाद्या शेतकऱ्यानं घेतला तर महिन्याभरात त्याची भोकं बुजतात आणि तो तुरीच्या फवारणीला पाणी नेऊ लागतो. वरचं नाव पुसलेलं असतं, पण अर्धं दिसत राहतं. 'परिषद' शेतात उभी असते आणि 'नगर' रंगाखाली गेलेलं असतं. घंटागाडीचा पत्रा कुणाच्या गोठ्याचं दार होतो. नगरपरिषदेत बारा वर्षं बंद असलेला पंखा सलूनमध्ये दुसऱ्या दिवशी फिरतो. तेव्हा कळतं की तो बिघडलेला नव्हताच; त्याच्यावर फक्त टिपणी चालू होती.

हे दुखणं आपल्याच घरचं आहे असं समजून फार खजील व्हायला नको. सप्टेंबर २०१८ मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी काटकसर म्हणून पंतप्रधान निवासातल्या गाड्या लिलावात काढल्या. त्यांतल्या बऱ्याच उरल्या. मग तिथल्या आठ म्हशी काढल्या, त्या मात्र सगळ्या गेल्या आणि तिथल्या चलनात २३ लाखांच्या आसपास देऊन गेल्या. चिलखती गाड्या पडून राहतात आणि म्हैस जाते, यात कुठल्याही नगरपरिषदेला धडा आहे. निरोप द्यायला जमतच नाही असंही नाही: मुंबईत १९३७ पासून धावणारी बेस्टची जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची फेरी करून निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, तिच्याबरोबर फोटो काढले, डोळे पुसले. नौदलाचं जुनं 'विक्रांत' हे जहाज संग्रहालय करावं की मोडीत काढावं यावर इतकी वर्षं चर्चा झाली, की शेवटी २०१४ मध्ये ते मोडलंच. आणि त्याच्या लोखंडाचा अंश असलेली मोटारसायकल बजाजनं २०१६ मध्ये बाजारात आणली. दिग्रसच्या रस्त्यावरही ती दिसते. युद्धनौकेचा वारस खड्डे चुकवत जाताना पाहिला की आपोआप सलाम करावासा वाटतो. आपली एसटीही यात हुशार. २०२० मध्ये प्रवासी मिळेनात तेव्हा तिनं जुन्या बसगाड्यांच्या खिडक्या बुजवून त्यांचे मालट्रक केले. आमच्या दिग्रस आगारातल्या जाणकारांचं मत असं पडलं, की मालाला फारसा फरक जाणवणार नाही, कारण प्रवाशांनाही तो कधी जाणवला नव्हता.

अशा या निवांत संसारात २०२३ साली दिल्लीनं खडा टाकला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं १६ जानेवारीला अधिसूचना काढली, की १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुन्हा होणार नाही. केंद्राची असो, राज्याची असो, महानगरपालिकेची, नगरपालिकेची, पंचायतीची असो, की एसटीसारख्या महामंडळाची. पंधरा म्हणजे पंधरा. आणि ती कुणालाही विकून मोकळं व्हायचं नाही, नोंदणी असलेल्या भंगार केंद्रातच तिचे तुकडे व्हायचे. आमच्या विदर्भाचेच नितीन गडकरी मंत्री. त्यांनी सांगितलं की देशभरात अशा ९ लाखांहून जास्त सरकारी गाड्या रस्त्यावरून उतरतील. 'रस्त्यावरून' हे ऐकून मागच्या आवारातल्या गाड्यांना मोठी गंमत वाटली असणार. त्या उतरून जमाना झाला होता.

योगायोग असा, की ई-कचऱ्याचे नवे नियमही त्याच १ एप्रिलला लागू झाले. जुने संगणक, पडदे, प्रिंटर नोंदणीकृत पुनर्वापरवाल्यालाच द्यायचे. सरकारनं भंगाराबद्दलचे दोन्ही मोठे निर्णय एप्रिल फूलच्या मुहूर्तावर सुरू केले म्हणून सुरुवातीला बऱ्याच कार्यालयांनी ते मनावर घेतले नाहीत.

माणसाला सरकारी नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त करतात, गाडीला पंधराव्या. माणूस मुदतवाढीसाठी मुंबईला खेटे घालू शकतो. गाडीची ती सोय बंद. कायद्यात सवलत आहे ती देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणाऱ्या चिलखती आणि विशेष वाहनांना. त्या यादीत अग्निशमन बंब नाही. आता बंब हा प्राणी विचित्र आहे. तो जितका कमी धावेल तितकं गावाचं भलं. पंधरा वर्षांत एखाद्या बंबानं दिवाळीचे चार फटाके, उन्हाळ्यातल्या कापसाच्या गंज्या आणि गणपतीची मिरवणूक एवढंच पाहिलेलं असतं. इंजिन अजून लग्नाळू, पण कागदावर म्हातारा. उलट जी जीप साहेबांच्या दौऱ्यांनी आठव्या वर्षीच खिळखिळी झाली, ती कायद्याच्या हिशेबानं अजून सात वर्षं तरुण.

आणि हा न्याय कुठल्या मुलखात? इथून जवळच, दारव्ह्यावरून, मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे धावायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून कामाला लागलेलं. १५ एप्रिल १९९४ ला ते उतरवून डिझेलचं लावलं. सत्तर वर्षांवर एकाच इंजिनानं संसार ओढला. त्याला पंधराव्या वर्षी कुणी भंगारात नेलं असतं, तर ते १९३८ साल असतं आणि आमच्या तीन पिढ्या मूर्तिजापूरला चालत गेल्या असत्या. अर्थात त्या गाडीच्या वेगाचा विचार करता त्या आधी पोचल्या असत्या, हा भाग वेगळा.

नव्या पद्धतीत लिलावही ऑनलाइन झाला. १९६४ साली स्थापन झालेलं, सरकारी भंगार विकणारं कोलकात्याचं एमएसटीसी आहे, सरकारचं जेम पोर्टल आहे. संगणकावर बोली, संगणकावर पैसे, सामान थेट भंगार केंद्राला. पारदर्शक, झटपट, आणि पूर्णपणे बेचव. पारावरचा चहा गेला, साहेबांचा घाम गेला, शंभर-पन्नासची चढाओढ गेली. कबाडीभाऊ हताश होऊन म्हणतात, "आमी इथं आवाराबाहेर बसलो, अन्‌ गाडी घेते कोन, तं जो कधी या गावाले आलाच नाई!" त्यांचं दुःख खरं आहे. ज्या टँकरची प्रकृती त्यांनी बारा वर्षं रोज येता-जाता विचारली, तो कुणीतरी परका माऊसची एक टिचकी मारून घेऊन जातो.

गाड्यांचा प्रश्न असा दिल्लीनं परस्पर सोडवला. पण खुर्च्या, कपाटं, रोलरची चाकं, दिव्यांचे सांगाडे यांना पंधरा वर्षांची मर्यादा नाही. त्यांच्यासाठी अजून समितीच आहे आणि समितीसाठी अजून तारीख मिळायची आहे. म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आपण घरात गणपती आणतो तेव्हा त्याच्या विसर्जनाचा दिवस पंचांगात आधीच छापलेला असतो. कुणी पाटावरच्या मूर्तीसमोर अकराव्या दिवशी समिती नेमत नाही. तसंच खरेदीच्या ठरावातच निरोपाची तारीख घालावी. लोकार्पणाच्या पाटीवर मान्यवरांच्या नावांखाली एक ओळ कोरावी: ही गाडी अमुक तारखेस सन्मानपूर्वक भंगारात जाईल. मग ना दाखल्याची वाट, ना साडूची चौकशी, ना गंजाला बढती.

हे पुढाऱ्यांना पटेल का, असं कुणी विचारेल. का नाही पटणार? निरोपालाही कार्यक्रम ठेवा. हार, नारळ, सनई, फोटो, सगळं. एकाच गाडीवर दोनदा फोटो काढता येतो एवढं लक्षात येऊ द्या, भांडारं महिन्यात रिकामी होतील. पुढची अडचण मात्र मला आत्ताच दिसते आहे. मागचं भंगार संपल्यावर कार्यक्रमासाठी गाड्या कमी पडू लागतील, आणि मग निरोपाच्या वेळी जागेवरच सुरू करून, चौकातून मिरवत, स्वतःच्या पायांनी भंगार केंद्रात जाणाऱ्या चांगल्या गाड्यांचे निर्लेखन प्रस्ताव एकमतानं, आणि पहिल्याच सभेत, मंजूर होऊ लागतील.